दुसरं चारशे

भविष्य जाणता येतं. हे मी वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत आणि कुठल्याही बुवाच्या दबावाखाली न येता लिहितो आहे. अट एवढीच की ते भविष्य तीन मिनिटांपेक्षा मोठं असू नये.

त्याहून लांबचं सांगणारे कोल्हापुरात पुष्कळ आहेत. निवडणुकीत कोण पडणार हे पानपट्टीवर ठरतं. उसाला यंदा काय दर मिळणार हे बिद्रीच्या साखर कारखान्याकडचा कुठलाही माणूस एसटीत खिडकीची जागा मिळाल्याबरोबर सांगायला लागतो. यातलं काही खरं ठरलं नाही तरी कुणाचं काही बिघडत नाही, कारण तोवर पुढचं भाकीत तयार झालेलं असतं. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करतो. ज्योतिषाची पुस्तकं कुठे ठेवायची यावर आमच्याकडे एकदा लेखी पत्रव्यवहार झाला होता. मी ती कादंबऱ्यांच्या शेजारी ठेवली आणि अजून तिथंच आहेत. तेव्हा या विषयात माझं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

ते मत बदललं आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरणीमुळे.

नवरा-बायको आणि चार वर्षांची मुलगी. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. पाळी बदलेल तसं त्याचं दिवस-रात्रीचं गणित बदलायचं, आणि अंगावर कापसाची बारीक तूस घेऊनच तो घरी यायचा. बायकोचं माहेर बिद्रीजवळच्या खेड्यातलं. तिला पोलीस व्हायचं होतं. आमच्या जिल्ह्यात ही काही जगावेगळी इच्छा नाही. पहाटे कुठल्याही रस्त्यावर पळणारी पोरं-पोरी दिसली की ती भरतीची आहेत हे समजून गाडीवाले बाजूनं जातात. पण हिची अडचण अशी होती की वयाच्या अटीत बसण्याचं हे शेवटचं वर्ष होतं. गेल्या खेपेला लेखी परीक्षेत तिनं चांगले गुण मिळवले आणि मैदानी चाचणीत, ज्याला सगळे नुसतं ‘ग्राउंड’ म्हणतात, तिथं घालवले. गोळा बरा पडला होता, शंभर मीटर बरं गेलं होतं. आठशे मीटरनं घात केला. आठशे मीटर दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत पळालं की पूर्ण गुण, आणि त्यानंतर घड्याळ पुढे सरकेल तसे गुण गळत जातात. हिचे दोन गळले. यादीही तिच्यापासून दोन गुणांवरच थांबली होती.

एका संध्याकाळी ती मुलीला कडेवर घेऊन वर आली.

“काका, सकाळी फिराय जाताच की तुम्ही. जरा मैदानाकडनं जावा. माझं घड्याळ धरा.”

“तुमचे सर आहेत ना?”

“सरांचं घड्याळ एक आणि पोरी चाळीस. पुढच्या चौघींचं टायमिंग सांगत्यात. बाकीच्यांना म्हंत्यात, बरं हाय, चालू दे.” तिनं मुलीला खाली ठेवलं. “बरं हायला किती मार्क पडत्यात ते तक्त्यात न्हाय.”

मी काही बोलायच्या आत आमच्या सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “जावा की. घरी थांबून तरी काय, माझ्या चहात चुका काढता. पोरीला मी बघते.”

असा मी मैदानावर दाखल झालो.

मैदान आमच्याच महाविद्यालयाचं, मातीचं. दर सोमवारी त्यावर फक्की टाकून चारशे मीटरचा ट्रॅक आखतात आणि बुधवारपर्यंत तो पुसतो. पलीकडच्या गोठ्यातल्या म्हशी साडेसहाला चरायला निघतात आणि ट्रॅक ओलांडतात. तेवढ्यापुरतं सगळे थांबतात, कारण म्हशी थांबत नाहीत. पहाटेच्या वेळी हे मैदान एका भरती अकादमीला दिलेलं असतं. अकादमी म्हणजे एक सर. फौजेतून निवृत्त झालेले, आवाज खणखणीत, अंधार असतानाही काळा गॉगल. फाटकावर त्यांचा मोठा फलक आहे. त्यात ते हाताची घडी घालून उभे आहेत आणि त्यांच्यामागे एक वाघ, एक लढाऊ विमान आणि उगवता सूर्य आहे. विमानाचा आठशे मीटरशी संबंध काय, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

पहिल्याच दिवशी मी एक चाचणी पाहिली. तिला तिथं ‘दोन चारशे’ म्हणतात. एक फेरी शर्यतीत पळावी तशी पळायची. मग एक मिनिट उभं राहायचं, बसायचं नाही. मग दुसरी फेरी. दोन्हींच्या वेळांची बेरीज करायची, तीत पाच सेकंद मिळवायचे, आणि जी संख्या येईल ती तुमची आठशे मीटरची वेळ.

“ग्राउंडला एवढंच येणार,” सर म्हणाले. “एक सेकंद हिकडं न्हाय, एक तिकडं न्हाय.”

मी म्हणालो की मध्ये एक मिनिट दम खाल्लेला माणूस आणि न खाल्लेला माणूस सारखे कसे धरायचे?

त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं. “पावणं, त्यासाठीच पाच मिळवायचं.”

“पण पाचच का?”

“चार कमी पडत्यात. सहा जास्त व्हत्यात.”

या उत्तरानं माझी खात्री पटली की हाही प्रकार कादंबऱ्यांच्या शेजारीच ठेवावा लागणार.

त्या चाळीस जणींमध्ये जोतिबाच्या डोंगरावर नारळ-गुलालाचं दुकान असलेल्यांची एक मुलगी होती. लहानपणापासून पायऱ्यांवर वर-खाली केलेली. तिच्या दोन फेऱ्या झाल्या, बेरीज झाली, पाच मिळवले गेले आणि सरांनी जाहीर केलं, “दोन त्रेचाळीस.” चार दिवसांनी त्याच तुकडीला पूर्ण आठशे पळवलं. मी मुद्दाम तिच्यावर घड्याळ लावलं. रेषा ओलांडली तेव्हा मी बटण दाबलं आणि आकडा पाहिला. दोन त्रेचाळीस. मला वाटलं योगायोग. पंधरवड्यानं परत दोन चारशे झाले, तिचा आकडा एका सेकंदानं सुधारला, आणि पुढच्या आठशेत तीही एका सेकंदानं सुधारली.

त्या सकाळी मी फिरायचं सोडून कठड्यावर बसून राहिलो. ती मुलगी शेंगदाणे खात मैत्रिणींशी हसत होती. चार दिवसांपूर्वी ती आठशे पळालीच नव्हती तेव्हा तिची वेळ ठरलेली होती. मधल्या दिवसांत ती डोंगरावर गेली असेल, आईशी भांडली असेल, एक दिवस नीट झोपली नसेल. तरी तिच्या फुप्फुसांनी, पोटऱ्यांनी आणि हृदयानं आपसांत काहीतरी पक्कं करून ठेवलं होतं, आणि तिला स्वतःला ते सांगितलेलं नव्हतं. बाहेरून मात्र ते दोन फेऱ्यांत वाचता येत होतं.

ग्रंथालयात जाऊन मी शरीरशास्त्राची पुस्तकं काढली. त्यांत कारणं होती. आठशे मीटर हे अंतर असं अडनिडं आहे की ते एका दमात निघत नाही आणि श्वासाची लय बसेपर्यंत संपतं. शरीर आधी साठवलेल्यावर चालतं, मग उधारीवर. उधारी किती मिळणार हे ज्याच्या त्याच्या घडणीवर आणि सरावावर असतं, आणि ते आठवडाभरात फारसं बदलत नाही. अपुरी विश्रांती देऊन दोनदा पळवलं की ती मर्यादा उघडी पडते. कारण समजलं की आश्चर्य ओसरतं अशी माझी आजवरची समजूत होती. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी मी दहा मिनिटं आधीच मैदानावर पोचलो.

दोन चारशे सर तुकडी-तुकडीनं घेत. मग आमच्या भाडेकरणीच्या तुकडीची पाळी आली.

पहिली फेरी तिनं एक मिनिट सोळा सेकंदांत काढली. सगळ्यांच्या पुढे होती. कडेला फिरायला आलेले पेन्शनर थांबून पाहायला लागले. मिनिटभर ती कमरेवर हात ठेवून आभाळाकडे बघत उभी राहिली. दुसऱ्या फेरीला खांदे कानांपर्यंत चढले, पाय जमिनीवर आपटायला लागले. एक पंचवीस. बेरीज दोन एकेचाळीस, अधिक पाच.

“दोन सेहेचाळीस,” सरांनी अख्ख्या मैदानाला सांगितलं. “वर्दी शिवायला टाका.”

टाळ्या झाल्या. तिनं माझ्याकडे बघून फक्त बोटं दाखवली, चार. पन्नासाच्या आत चार सेकंद.

चार दिवसांनी पूर्ण आठशे झालं. ती पळाली ते दोन मिनिटं एकावन्न सेकंद.

मातीत बसूनच तिनं विचारलं, “काका, घड्याळ नीट हाय न्हवं?”

“घड्याळ नीट आहे.”

“मग मीच नीट न्हाय.”

मी सरांकडे गेलो. खरं सांगायचं तर थोडा खूश होऊन गेलो, कारण नियम मोडलेला दिसला की माझ्यासारख्याला बरं वाटतं. तुमचं गणित पाच सेकंदांनी चुकलं, असं मी म्हणालो. त्यांनी पोरी लांब आहेत हे पाहिलं आणि गॉगल काढला. त्यांचे डोळे मी पहिल्यांदाच पाहत होतो. फार दमलेले होते.

“पहिलं चारशे भाव खातं, काका. दुसरं खरं बोलतं.” पावण्याचा मी आता काका झालो होतो. “जिचं दोन्ही सारखं, तिची बेरीज चालती. हिचं पहिलं आणि दुसरं बघा, केवढं अंतर हाय. अशीची बेरीज धरायची न्हाय. दुसऱ्याची दुप्पट करायची.”

एक पंचवीसची दुप्पट. दोन पन्नास. ती पळाली होती एकावन्न.

“मग सगळ्यांसमोर सेहेचाळीस का सांगितलंत?”

“सगळ्यांसमोर सांगायचं येगळं असतंय.” त्यांनी गॉगल परत लावला.

म्हणजे भाकितं दोन होती, एक मोठ्यानं सांगायचं आणि एक मनात ठेवायचं. वाघ आणि विमान पहिल्या प्रकारात मोडत असावेत.

भाडेकरीण आणि मी परत निघालो. गल्लीच्या चौकात आलो आणि ती थांबली.

झालं असं होतं. सेहेचाळीसची बातमी तिच्या नवऱ्यानं कौतुकानं दूध कट्ट्यावर सांगितली होती. हा आमच्या गावचा रिवाज आहे. संध्याकाळी चौकात म्हशी आणून उभ्या करतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि लोक तिथंच उभ्यानं फेसाळ दूध पितात. पेला रिकामा होईतोवर गावातली सगळी माहिती मिळते. त्या दिवशी तिथं आमच्या गल्लीच्या तालमीची पोरं होती. तालमीत पूर्वी कुस्ती खेळत. आता लाल मातीवर फरशी बसवली आहे आणि तिथं मुख्यतः फलकांचा मजकूर ठरतो. पोरांनी सेहेचाळीस हा आकडा ऐकला आणि उशीर केला नाही.

फलक वीस फुटी होता. वरच्या रांगेत अकरा पुढारी. मध्ये सोनेरी अक्षरांत, आठशे मीटर अंतर अवघ्या दोन मिनिटं सेहेचाळीस सेकंदांत पार केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली उजव्या कोपऱ्यात ती.

तालमीच्या कट्ट्यावरचा एकजण उठून आला. “वैनी, आवडलं न्हवं?”

“मी तेवढं अजून पळालो न्हाय,” ती म्हणाली. खेड्यातल्या आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल अशाच बोलतात.

“पळणारच की. सरांनी सांगितलंय म्हंजे झालंच.”

“उतरवा ते.”

“उतरवता येत न्हाय वैनी. वर सायेब हायती.”

“मग मला तेवढं काढा.”

पोरगं विचारात पडलं. “तुमाला काढलं तर सायेब कशापायी अभिनंदन करत्यात ते कळायचं न्हाय.”

घराच्या पायरीवर ती बसली. मी वर जायला निघालो तेव्हा म्हणाली, “काका, आता दोन एकोणपन्नास आलं तरी मार्क पुरे मिळत्यात. पण गल्लीत मी नापासच की.”

जिला चार सेकंदांची मोकळीक मिळाली असं वाटत होतं, तिची ती मोकळीक गल्लीनं अभिनंदन करून काढून घेतली होती.

दोन दिवस ती मैदानावर आली नाही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींकडून खाली निरोप गेला, तो असा: “बोर्डावरचा तुझा फोटो बघितलास काय? रुपयाएवढा आहे. तुझी आईसुद्धा ओळखायची नाही. पुढाऱ्यांचं बघतेस कशाला, पळायला जा.” याचा परिणाम झाला की त्याच दिवशी चौकात जे घडलं त्याचा, सांगता येत नाही. शर्यतीच्या एका बैलाचा वाढदिवस होता. जागा तीच ठरलेली असल्यामुळे त्याचा फलक हिच्या फलकावर चढला. अकरा पुढारी त्याही फलकावर होते, त्यामुळे कुणाचा अपमान झाला नाही. बैल प्रसन्न दिसत होता. ती दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला जिन्याखाली बूट बांधत होती.

पुढचा महिनाभर तिला एकच गोष्ट शिकायची होती, पहिली फेरी सावकाश पळणं. ऐकायला सोपं वाटतं. शरीर ताजं असतं, पाय मागे ओढावे लागतात, आणि बाकीच्या सगळ्या भरभर पुढे निघून जातात. मी दोनशे मीटरच्या खुणेपाशी उभा राहून वेळ ओरडायचो. ती लवकर आली तर हात खाली करून दाखवायचो. कडेचे पेन्शनर मला वेडा समजायला लागले. “अगं मागं पडलीस की. वढ, वढ,” असं ते तिला ओरडायचे, आणि मी तिला उलटं ओरडायचो. पहिल्या शंभर मीटरला जो पुढे तोच भारी, हे मत आमच्या गावात लहानपणापासून पक्कं असतं.

“मागं राहून पळणं लई अवघड हाय काका,” ती एकदा म्हणाली. “पाय न्हाय दुखत. कान दुखत्यात.”

ग्राउंडच्या आधीच्या आठवड्यात शेवटचे दोन चारशे झाले. पहिली फेरी एक तेवीस. मागच्या घोळक्यात होती. एक मिनिट. दुसरी फेरी तिनं सुरू केली आणि मी घड्याळाऐवजी तिच्याकडेच पाहत राहिलो, कारण खांदे खालीच होते. रेषेवर बटण दाबलं. एक तेवीस.

सरांनी या वेळी काही जाहीर केलं नाही. माझ्याजवळ येऊन बोटांवर हिशोब केला. “बेरीज दोन सेहेचाळीस. पाच मिळवलं की दोन एकावन्न.”

“आणि दुप्पट?”

“दुप्पट दोन सेहेचाळीस.”

“जिच्या फेऱ्या सारख्या तिची बेरीज चालते, असं तुम्हीच म्हणाला होतात.”

“म्हणालो व्हतो.”

“म्हणजे एकावन्न?”

ते ट्रॅककडे वळले. म्हशी जात होत्या. “ग्राउंडला कळंल,” ते म्हणाले.

एका हिशोबानं ती चार सेकंद राखून पोलीस होत होती आणि दुसऱ्या हिशोबानं एका सेकंदानं कायमची राहून जात होती. दोन्ही हिशोब मी महिनाभर खरे ठरताना पाहिले होते.

परतताना तिनं विचारलंच. “काका, खरं सांगा. किती येईल?”

“दोन्हींच्या मधलं काहीतरी.” ग्रंथपालाचं उत्तर.

“मधलं म्हंजे पन्नासाच्या अलीकडं का पलीकडं?”

“अलीकडं.”

“कुठल्या हिशोबानं?”

“हिशोब नाही,” मी म्हणालो. आयुष्यभर ज्यांना हसलो त्यांच्यात जाऊन बसायला मला ‘अलीकडं’ हा एक शब्द पुरला.

ग्राउंडच्या दिवशी मुलीला आमच्याकडे झोपलेली ठेवून ती साडेचारलाच आत गेली. बाहेरच्या माणसांना आत सोडत नाहीत. मैदानाभोवती उंच दगडी भिंत होती, आणि भिंतीबाहेर आमच्यासारखे पुष्कळ लोक चहाच्या गाड्यांपाशी उभे होते. आई-बाप, भाऊ, भावाची मोटरसायकल घेऊन आलेले नवरे. हिचा नवरा रात्रपाळीवरून थेट आला होता. भुवयांवर तूस तशीच होती. त्यानं चहा घेतला आणि प्यायला नाही.

गोळाफेक आणि शंभर मीटर आधी झालं. मग उन्हं वर आल्यावर ध्वनिक्षेपकावरून आठशेच्या तुकड्यांचे छातीवरचे नंबर पुकारायला लागले. पायात चिप बांधतात, वेळ यंत्रावर आपोआप नोंदली जाते. तिसऱ्या तुकडीत तिचा नंबर आला. शांतता झाली. शिट्टी वाजली आणि माझ्या अंगठ्यानं खिशातल्या घड्याळाचं बटण दाबलं.

समोर काही नव्हतं. भिंत होती, तिच्यावर शेवाळाचे वाळलेले पट्टे होते. पण मला ती दिसत होती. हे मी अलंकारिक म्हणत नाही. महिनाभर मी तिला इतक्या वेळा पाहिलं होतं की घड्याळाचा आकडा वाचला की ती कुठे असेल ते समजत होतं.

“पहिलं वळण संपलं,” मी म्हणालो. “आता पुढे दहा-बारा जणी असतील.”

“पुढं?” नवरा घाबरला.

“असायलाच पाहिजेत.”

बेचाळीस सेकंद. दोनशे मीटर. इथं मी हात खाली करायचो. तासाभराचा प्रवास वाटावा एवढ्या वेळानं एक तेवीस आलं. “पहिला राऊंड झाला.” भिंतीच्या आतल्या बाजूनं पावलांचा दबका आवाज आला, वीस-पंचवीस जणींचा, एकमेकांत मिसळलेला, आणि पुढे गेला. त्यातली पावलं कुणाची ते ओळखणं शक्य नव्हतं. आजूबाजूचे लोक आपापल्या पोरीचं नाव घेऊन भिंतीला ओरडत होते. मी आकडे म्हणत होतो. दोन मिनिटं पाच. शेवटचं दोनशे. इथं तिचे खांदे वर चढायचे, पूर्वी. दोन वीस. वळण. दोन पस्तीस. ती आता सरळ रेषेत होती आणि मला तिचं तोंड उघडं दिसत होतं.

दोन सेहेचाळीसला मी म्हणालो, “आली.”

मग एकावन्न आलं, तेही गेलं. मी घड्याळ बंद केलं. तीन मिनिटांहून कमी वेळात एक माणूस भिंतीपलीकडे काहीतरी करून मोकळं झालं होतं, आणि काय केलं ते आम्हाला ठाऊक नव्हतं.

पाऊण तासानं ती बाहेर आली. बूट हातात, घोट्यावर चिपच्या पट्ट्याचा वळ. फूटपाथवर बसली. नवऱ्यानं आधी पाण्याची बाटली दिली. ती प्यायली, उरलेलं पाणी पायावर ओतलं.

“अठ्ठेचाळीस,” ती म्हणाली.

“दोन?” त्यानं विचारलं.

“न्हाय, चार.” मग बाटलीचं झाकण लावत, “दोन अठ्ठेचाळीस की वो.”

तो तिच्याशेजारी फूटपाथवर बसला आणि थंड झालेला चहा एका घोटात पिऊन टाकला.

ती मला सांगायला लागली. पहिल्या फेरीत शेवटून दुसरी होती. मागे फक्त एक पोरगी होती आणि ती रडत पळत होती. तेवीसला रेषा ओलांडली तेव्हा कुणीतरी साहेब हिला म्हणाले, दमली असशील तर बाजूला हो. “मग दुसऱ्या राऊंडला,” ती म्हणाली, “मी काय जोरात पळालो न्हाय काका. तसंच पळत व्हतो. पुढच्या पोरी उलट्या माझ्याकडं याय लागल्या. एक आली, मग तिघी आल्या. शेवटच्या वळणाला सगळ्याच याय लागल्या.”

तिला तेव्हा कसलाही आनंद झालेला दिसत नव्हता. जे पाहिलं ते सांगत होती, इतकंच.

मी घरी येऊन बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिलं. दोन्ही भाकितं चुकली होती. जिथं पाच सेकंद मिळवावे लागतात तिथं तिनं दोनच मिळवू दिले. उरलेले तीन कुठून आणले ते शरीरशास्त्राच्या पुस्तकांत मला अजून सापडलेलं नाही. सरांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, “मधी आलं न्हवं? मग झालं की.” पण दोन सेकंद, तीन सेकंद, ही काही चूक म्हणता येईल अशी चूकही नाही. आठवडाभर आधी, मातीच्या मैदानावर, म्हशींच्या वाटेत, एका बाईच्या पुढल्या आयुष्याचा आकडा तीन सेकंदांच्या आत वाचता आला. आणि त्या आकड्यापलीकडे जाण्याची जागाही तिच्यात होती. मी हे दोन्ही एकाच भिंतीबाहेर उभं राहून अनुभवलं. देवळांत, सभांत, सत्कारांत मान लववण्याची मला सवय नाही. त्या दिवशी मात्र ती आपोआप लवली होती.

लेखी परीक्षा झाली, यादी लागली, यादीत तिचं नाव होतं. प्रशिक्षण पूर्ण करून ती रुजू झाली त्याला आता दीड वर्ष होत आलं. पोलीस ठाण्यात तिला आवक-जावक टपालाचं टेबल मिळालं आहे, आणि कामासाठी तिला अजून एकदाही पळावं लागलेलं नाही.